प्रवाळबेटावर परतण्याआधी : माती, नारळ आणि सीझियमचा हिशोब

प्रश्न असा विचारला गेला आहे की, अणुचाचण्यांमुळे दूषित झालेल्या प्रशांत महासागरातील बेटांवर तेथील मूळ रहिवाशांना परत नेण्याआधी सफाई नेमकी कशी करतात, वरची माती खरवडून काढली की काम संपत नाही का, आणि बिकिनीसारखे बेट किती वर्षांनी आपोआप राहण्याजोगे होईल. पर्यावरणातील किरणोत्सर्गाचे मापन हेच माझे अनेक वर्षांचे काम असल्याने या तिन्ही बाबींचे उत्तर मी एकत्रच देतो, कारण एकीचा हिशोब दुसरीशिवाय मांडता येत नाही. उत्तराचा गाभा आधीच सांगून ठेवतो. या बेटांवर परतलेल्या माणसाला किरणोत्सर्गाची जी मात्रा मिळते, तिचा मोठा वाटा तेथे पिकलेल्या अन्नातून येतो. त्यामुळे माती किती खोल खणायची हे ठरवण्याआधी तेथे कोण राहणार, काय खाणार आणि त्यातले किती बेटावरचे असणार, हे ठरवावे लागते. जेथे हा क्रम उलटा झाला, तेथे लोकांना दुसऱ्यांदा घर सोडावे लागले.

मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या. त्यांतील २३ बिकिनी या कंकणद्वीपावर (कड्याच्या आकारात पसरलेल्या प्रवाळबेटांच्या समूहावर) आणि ४३ एनेवेटाकवर झाल्या. बिकिनीच्या १६७ रहिवाशांना मार्च १९४६ मध्ये रोंगेरिकला नेण्यात आले, तेथे उपासमार झाली म्हणून १९४८ मध्ये क्वाजलीनमार्गे किली या खारकच्छ (बेटांच्या कड्याने वेढलेले समुद्राचे शांत पाणी) नसलेल्या एकाकी बेटावर. एनेवेटाकच्या लोकांची रवानगी १९४७ च्या अखेरीस उजेलांगला झाली. रोंगेलापच्या लोकांना मात्र कोणी आधी हलवलेच नाही. १ मार्च १९५४ रोजी बिकिनीवर झालेला ‘ब्राव्हो’ स्फोट १५ मेगाटनांचा, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे अडीचपट निघाला आणि प्रवाळाची किरणोत्सारी राख पूर्वेकडे रोंगेलापवर पडली. तेथील माणसे साधारण दोन दिवसांनी हलवण्यात आली आणि १९५७ मध्ये, बेटाची म्हणावी अशी कोणतीही सफाई न करता, परत नेऊन सोडण्यात आली. या तीन कंकणद्वीपांचे पुढे जे झाले, त्यातच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आज हिशोबात धरण्यासारखी द्रव्ये मोजकीच उरली आहेत. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा अर्धायुकाल (निम्मे द्रव्य उरायला लागणारा काळ) ३० वर्षांच्या आसपास आहे, तर प्लुटोनियम-२३९ चा सुमारे २४,१०० वर्षे. त्यांच्याबरोबर अमेरिसियम-२४१ असते. या द्रव्यांचे प्रवाळबेटावरचे वर्तन मुख्य भूमीवरच्या अनुभवाशी जुळत नाही आणि सुरुवातीच्या काळातील बरेचसे अंदाज याच ठिकाणी फसले.

प्रवाळबेटाची माती म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. तिच्यात चिकणमातीची खनिजे नसल्यातच जमा आहेत आणि पोटॅशियम अत्यल्प आहे. मुख्य भूमीवर पडलेले सीझियम इलाइटसारख्या खनिजांच्या पातळ पापुद्र्यांत अडकून बसते आणि झाडाच्या मुळांना सहजी मिळत नाही. फुकुशिमाच्या परिसरात ते वरच्या पाचेक सेंटिमीटरमध्येच राहिले, म्हणून तेथे वरचा थर काढण्याचा उपाय लागू पडला. प्रवाळाच्या मातीत त्याला धरून ठेवणारे काहीच नसते. सीझियम हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियमचे भावंड असल्यामुळे पोटॅशियमला आसुसलेले झाड ते आनंदाने उचलते आणि शहाळ्याच्या पाण्यात, खोबऱ्यात, नीरफणसात, केवड्याच्या कुळातील पँडॅनसच्या फळात साठवते. स्ट्रॉन्शियमचे नेमके उलटे घडते. ते कॅल्शियमसारखे वागते आणि येथे कॅल्शियमचे तर डोंगर आहेत, त्यामुळे झाडात त्याचा वाटा नगण्य राहतो. अपवाद नारळखेकड्याचा, ज्याच्या कवचात आणि शरीरात ते लक्षणीय प्रमाणात सापडले. प्लुटोनियम झाडात फारसे शिरत नाही, त्याचा धोका धुळीवाटे श्वासातून आणि लहान मुलांच्या बाबतीत मातीच्या हातांतून येतो. म्हणजे एकाच बेटावर एका द्रव्याचा मार्ग ताटातून जातो आणि दुसऱ्याचा नाकातून. या दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत, आणि दुर्दैवाने कधीकधी एकावरचा उपाय दुसऱ्याचा धोका वाढवतो, कारण माती खणली की धूळ उडते.

बिकिनीचा पहिला प्रयत्न येथेच चुकला. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १९६८ मध्ये बिकिनीच्या लोकांना परतता येईल असे जाहीर केले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने आणि लष्कराने चाचण्यांचे भंगार व माजलेली झाडी काढली, मग हजारो नारळ लावले, घरे बांधली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस काही कुटुंबे तेथे राहू लागली. बाहेरील गॅमा किरणांचे आकडे तेव्हा फार चिंताजनक वाटत नव्हते. नवी झाडे धरू लागली आणि लोक ती फळे खाऊ लागले, तेव्हा चित्र पालटले. शरीरातील सीझियम वर्षागणिक चढत गेले, १९७७ ते १९७८ या एका वर्षात तर ते सुमारे पाऊणपटीने वाढले. त्याच वर्षी १३९ जणांना पुन्हा बेट सोडावे लागले. आहाराचा अंदाज कमी धरला गेला होता, बाहेरून येणाऱ्या डबाबंद अन्नावर भरवसा ठेवला गेला होता आणि अन्नाची जहाजे वेळेवर येत नसत. नारळ खाऊ नका, असे नारळाच्या बागेत राहणाऱ्याला सांगणे हा माझ्या मते संरक्षणाचा उपाय होऊ शकत नाही. फार तर ती कागदावरची सोय म्हणता येईल.

शरीरातील सीझियम मोजतात कसे, हे येथे सांगितले पाहिजे, कारण पुढील सगळे निर्णय या मोजणीवर उभे आहेत. होल बॉडी काउंटर नावाच्या यंत्रासमोर माणसाला खुर्चीत काही मिनिटे स्वस्थ बसवतात. शोधकात सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो. पडद्यावर हळूहळू वर्णपट उभा राहतो. उजवीकडे १,४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपाशी (हे किरणाच्या ऊर्जेचे एकक) एक शिखर प्रत्येकाच्याच शरीरात दिसते. ते निसर्गतः असणाऱ्या पोटॅशियम-४० चे असते, सत्तर किलोच्या प्रौढात सुमारे ४,४०० बेकरेल, म्हणजे सेकंदाला तितके अणू फुटतात. सीझियमचे शिखर त्याच्या बरेच डावीकडे, ६६२ वर उगवते. ते आहे की नाही आणि किती उंच आहे, यावरून त्या माणसाने गेल्या काही महिन्यांत काय खाल्ले ते कळते. प्रौढ शरीरातून सीझियम साधारण तीन-साडेतीन महिन्यांत निम्मे बाहेर पडते. म्हणून १९७८ मध्ये बिकिनी सोडलेल्यांच्या शरीरातील पातळी भराभर उतरली. या मोजणीतून माणूस तपासला जातोच, शिवाय आहाराचे आपले गृहीतक खरे की खोटे हेही तपासले जाते, आणि दुसरा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो.

एनेवेटाकची सफाई अगदी निराळ्या धर्तीवर झाली. १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेच्या सुमारे ४,००० सैनिकांनी तेथे आळीपाळीने काम केले. लक्ष्य होते प्लुटोनियम आणि त्याच्या वर्गातील जड मूलद्रव्ये. वस्तीच्या बेटांसाठी मातीत ४० पिकोक्युरी प्रतिग्रॅम, म्हणजे साधारण दीड बेकरेल, शेतीच्या बेटांसाठी ८० आणि केवळ अन्न गोळा करण्यासाठी जाण्याच्या बेटांसाठी १६० अशा पायऱ्या ठरवल्या होत्या. प्लुटोनियमचे अल्फा कण मातीत थोड्या अंतरावरही पोहोचत नाहीत, मग शेकडो एकरांवर ते मोजायचे कसे? उत्तर होते अमेरिसियम-२४१. त्याचा सुमारे ६० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा क्षीण गॅमा किरण वरून टिपता येतो. साखळीच्या चाकांच्या गाडीवर उंच दांड्याला जर्मेनियमचा शोधक टांगून, तिला आखलेल्या चौकटीच्या प्रत्येक बिंदूवर उभे करून खालच्या वर्तुळाचे वाचन घेत. मग त्या बेटावरील नमुन्यांच्या रासायनिक विश्लेषणातून प्लुटोनियम आणि अमेरिसियमचे गुणोत्तर काढून आकडा बसवत. गुणोत्तर प्रत्येक बेटाचे वेगळे, कारण प्रत्येक चाचणीची राख वेगळी. तंत्र म्हणून हे काम उत्तम होते आणि आजही आम्ही त्याच तत्त्वावर मोजतो.

काढलेली माती व भंगार रुनिट बेटावरील ‘कॅक्टस’ चाचणीच्या विवरात भरले गेले. पाण्याखालच्या भागात सिमेंट मिसळलेला रबडा नळीने सोडला, त्यावर माती-सिमेंटचा ढीग रचला आणि वर ३५८ काँक्रीट फरश्यांचा, सुमारे ४६ सेंटिमीटर जाडीचा घुमट बसवला. विवराच्या तळाला अस्तर नाही, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर आतील भूजल हलत असते. घुमटाला भेगा गेल्या की तो फुटणार अशा बातम्या येतात. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०२० मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात तो कोसळण्याच्या बेतात नसल्याचे म्हटले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही, ती अशी की घुमटाबाहेर, खारकच्छाच्या तळगाळात, घुमटातील साठ्यापेक्षा कितीतरी अधिक प्लुटोनियम चाचण्यांच्या काळापासूनच पडलेले आहे. घुमट उद्या फुटला तरी खारकच्छाचे चित्र फारसे बदलणार नाही. हे वाचून दिलासा वाटावा की आणखी चिंता वाटावी, हे मी वाचकांवर सोडतो. रुनिट मात्र कायमचे निषिद्ध ठरवले गेले आहे आणि ते योग्य आहे.

एनेवेटाकचे लोक १९८० मध्ये परतले, पण दक्षिणेकडील एनेवेटाक, मेड्रेन आणि जॅप्टन या बेटांवर. उत्तरेकडील एंजेबी हे त्यांच्यातील एका मोठ्या गटाचे मूळ गाव. तेथून प्लुटोनियमयुक्त माती काढली गेली, तरी वस्ती होऊ शकली नाही, कारण सीझियम तिथल्या मातीतच राहिले होते आणि नारळातून ताटात येणार होते. एवढा खर्च, एवढे मनुष्यबळ, आणि जे द्रव्य आहारातून सर्वाधिक मात्रा देणार होते त्याला हातच लावला गेला नाही. मी सफाई करणाऱ्यांना दोष देत नाही. दीर्घायुषी द्रव्य पुढील पिढ्यांच्या माथी मारू नये, हा विचार रास्तच होता. परंतु परतणाऱ्या पिढीची मात्रा त्याने कमी झाली नाही, हेही तितकेच खरे. त्या सैनिकांपैकी अनेकजण पुढे आजारी पडले. त्यांची सेवा किरणोत्सर्गाच्या जोखमीची होती, हे अमेरिकेच्या कायद्याने २०२२ मध्ये मान्य केले. सफाई कामगारांच्या मात्रेची नोंद पहिल्या दिवसापासून नीट ठेवली नाही, तर ती चार दशकांनंतर उभी करता येत नाही.

मग माती खरवडायची की नाही? बिकिनी बेटाचे क्षेत्रफळ सुमारे २.३ चौरस किलोमीटर आहे. मुळांच्या पट्ट्यातील ४० सेंटिमीटर माती काढायची म्हटली, तर नऊ लाख घनमीटरांहून अधिक माती होते, म्हणजे रुनिटच्या घुमटाखाली जेवढे आहे त्याच्या दहापटीहून जास्त. ती ठेवायची कुठे, हा पहिला प्रश्न. दुसरा त्याहून अवघड आहे. प्रवाळबेटावर सेंद्रिय माती म्हणून जे काही असते, ते याच वरच्या थरात असते आणि ते तयार व्हायला शतके लागलेली असतात. ती काढली की खाली पांढरी वाळू आणि प्रवाळाचा चुरा उरतो, त्यात काही उगवायचे तर माती बाहेरून आणावी लागते. झाडे तोडावी लागतात ती वेगळीच. बेट स्वच्छ होईल, पण ते राहण्याचे ठिकाण उरणार नाही. तरीही बिकिनीच्या अनेक लोकांनी खरवडण्याचाच आग्रह धरला, आणि त्यामागील भावना मला पूर्णपणे समजते. ज्यांना एकदा ‘सुरक्षित आहे’ सांगून फसवले गेले, त्यांना विष जमिनीतच ठेवून वर खत टाकण्याचा सल्ला संशयास्पद वाटणारच.

तो खताचा सल्ला मात्र खरोखरच चांगला आहे. १९८० च्या दशकात अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या बिकिनी पुनर्वसन समितीने (तिचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव योगायोगाने आपल्या भाभा केंद्रासारखेच, ‘बार्क’) आणि लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या विल्यम रॉबिसन यांच्या गटाने बिकिनीवर दीर्घकाळ क्षेत्रीय प्रयोग केले. नारळाच्या बागेत पोटॅशियम क्लोराइड टाकले, म्हणजे कोकणातील बागायतदार ज्याला म्युरेट ऑफ पोटॅश म्हणतो तेच, तर खोबऱ्यातील सीझियम पूर्वीच्या सुमारे दशांशावर किंवा त्याहून खाली येते. झाडाला हवे असलेले पोटॅशियम भरपूर मिळाले की ते सीझियमच्या मागे लागत नाही. परिणाम एकदा खत टाकल्यावर काही वर्षे टिकतो, झाडे जोमाने वाढतात आणि माती जागच्या जागी राहते. फुकुशिमाच्या भातखाचरांत पुढे हाच उपाय वापरला गेला. मर्यादा एवढीच की खत पुन्हापुन्हा टाकावे लागते, म्हणजे ते आणणारे जहाज, टाकणारी माणसे आणि पैसा हे तिन्ही दशकानुदशके हवेत.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तज्ज्ञगटाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात बिकिनीसाठी दोन्हींचा मेळ सुचवला. बागांना पोटॅशियम द्यावे आणि घरांच्या आजूबाजूची माती तेवढी काढून तेथे ठेचलेले प्रवाळ पसरावे. केवळ बेटावरचेच अन्न खाल्ले, तर मात्रा वर्षाला सुमारे १५ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) होईल आणि आहे त्या स्थितीत कायमची वस्ती करू नये, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. रोंगेलापवर पुढे हीच पद्धत प्रत्यक्षात आणली गेली. वस्तीच्या पट्ट्यात वरची सुमारे २५ सेंटिमीटर माती काढून प्रवाळाचा चुरा घातला गेला आणि शेतीच्या जागेत पोटॅश दिले गेले. घराभोवती प्रवाळाची बारीक खडी पसरण्याची चाल मार्शली लोकांत पूर्वापार आहे. ती खडी जमिनीतून येणारे गॅमा किरण अडवते, धूळ दाबते आणि रांगत्या मुलाला दूषित मातीपासून दूर ठेवते. बाहेरून आणलेला उपाय स्थानिक रीतीत इतका सहज बसावा, असे आमच्या क्षेत्रात क्वचितच घडते.

रोंगेलापच्या लोकांचा विश्वास मात्र इतक्या सहज परत येणारा नव्हता. १९५७ मध्ये परतल्यानंतर थायरॉइडच्या गाठी आणि इतर आजार पाहून १९८५ मध्ये तीनशेहून अधिक लोकांनी स्वतःहून बेट सोडले. ‘रेनबो वॉरियर’ या ग्रीनपीसच्या जहाजाने त्यांना मेजाटो बेटावर नेले. नंतर घरे, धावपट्टी आणि वीज आली, तरी मोठ्या संख्येने लोक परतले नाहीत. मधल्या काळात मुले माजुरो आणि एबेये येथे शिकली, अनेक कुटुंबे अमेरिकेत आर्कान्सापर्यंत पोहोचली. सफाईला जितका उशीर होतो तितके परतणारे कमी होत जातात, आणि हा खर्च कोणत्याही प्रकल्प-अहवालात धरलेला नसतो.

किती स्वच्छ म्हणजे पुरेसे स्वच्छ, याचे उत्तर आकड्यांतही एक नाही. सर्वसामान्य जनतेसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही प्रचलित मर्यादा आहे आणि रोंगेलापच्या करारात तीच धरली गेली. मार्शल बेटांच्या अणुदावे न्यायाधिकरणाने अमेरिकेतील पर्यावरण संस्थेचा ०.१५ मिलिसिव्हर्टचा निकष लावला. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने हस्तक्षेपाचा विचार करण्यासाठी १० मिलिसिव्हर्ट ही पातळी डोळ्यांसमोर ठेवली होती. तुलनेसाठी, जगातील सरासरी नैसर्गिक मात्रा २.४ च्या आसपास आहे. ०.१५ चा निकष पाळायचा तर खरवडण्याला पर्याय राहात नाही, १ चा पाळायचा तर पोटॅश पुरते. माझे व्यक्तिगत मत १ च्या बाजूने आहे, परंतु हा निर्णय तज्ज्ञांचा नाही. ज्या देशाने दूषित केले, त्याच्या स्वतःच्या भूमीवर जो निकष लागू होतो तोच आम्हाला लावा, ही बिकिनीवासीयांची मागणी न्यायाची आहे, आणि तिला आकडेशास्त्राने उत्तर देता येत नाही.

राहिला प्रश्न ‘आपोआप किती वर्षांत’ याचा. सीझियमचा भौतिक अर्धायुकाल ३० वर्षे असला, तरी पाऊस त्याला मुळांच्या पट्ट्याखाली वाहून नेतो. लिव्हरमोरच्या गटाने झाडांच्या वर्षानुवर्षांच्या नमुन्यांवरून प्रत्यक्षातील अर्धायुकाल सुमारे साडेआठ वर्षे काढला. फरक मोठा आहे. ३४ वर्षांत केवळ भौतिक ऱ्हासाने निम्म्याहून थोडे कमी उरेल, तर साडेआठच्या हिशोबाने अवघा सोळावा भाग. १९९८ च्या १५ मिलिसिव्हर्टला याच गतीने निम्मे-निम्मे करीत गेल्यास पूर्ण स्थानिक आहारावरही २०३० च्या दशकात १ च्या खाली येता येते, आणि पोटॅश दिले तर त्याच्या पुष्कळ आधी. मात्र हा काळ झाडांवरून काढलेला आहे. जमिनीतून थेट येणारे गॅमा किरण त्याच वेगाने घटतील असे धरून चालता येत नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनात बिकिनी बेटावर केवळ बाहेरील गॅमाची सरासरीच वर्षाला १.८४ मिलिसिव्हर्टच्या घरात भरली, आणि ती आधीच्या भाकितांपेक्षा बरीच अधिक होती. त्याच वेळी एनेवेटाकचा आकडा ०.१ च्याही खाली होता. त्यामुळे बिकिनीवर आज काम सुरू करायचे झाल्यास मी आधी संपूर्ण बेटाचे गॅमा-वाचन जवळजवळच्या बिंदूंवर नव्याने घेईन, घरांच्या जागा त्या नकाशावरून निवडीन, तेथील माती काढून प्रवाळ घालीन, बागांना पोटॅश देऊन किमान दोन बहरांतील नारळ तपासीन, आणि होल बॉडी काउंटर पहिल्या कुटुंबाच्या आधी बेटावर पोहोचेल व तो चालवणारी माणसे त्याच कुटुंबांतील असतील, अशी व्यवस्था करीन.